गणेश, झोनबंदी आणि ९ ऑगस्ट

२८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांचा लेख छापून आला. त्या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता. नाव गणेश. आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही; ऊस लावतो की कांदा, तेही नाही. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेतून त्याला पावसाचा अंदाज कळला, बाजारभाव कळले, चार पैसे जास्त मिळाले, आता तो नवी पिके आणि जनावरे घेतो आहे, असे लेखात म्हटले होते. पुढे प्रश्न होता की, याने इंटरनेटचे काय बिघडले?

प्रश्न बिनतोड वाटावा असाच बेतलेला होता. गरीब शेतकऱ्याला फुकट काही मिळते आहे आणि शहरातली शिकलेली मुले तत्त्वाची भाषा करून ते अडवत आहेत, असे चित्र त्यातून उभे राहत होते. पानभर जाहिराती आणि रस्त्यावरचे फलक हेच सांगत होते. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही आधी "गाव कुठलं?" असे विचारतो. या वादात गणेशला ते कोणी विचारले नाही. त्याच्या नावाने दोन्ही बाजू बोलल्या, तो स्वतः कुठेच बोलला नाही. ही पुस्तिका मांडवगण फराटा आणि भीमेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतील वाचकांसाठी काढताना सुरुवात इथून करावीशी वाटली, याचे कारण तेच. इंटरनेटच्या नियमनावर देशात दहा वर्षे जे भांडण चालले आहे, त्यात शिरूर-दौंडचा शेतकरी उदाहरण म्हणून पुष्कळदा आला, पक्षकार म्हणून जवळजवळ कधीच नाही.

आधी मूळ मुद्दा. कोलंबिया विद्यापीठात पुढे प्राध्यापक झालेले टिम वू यांनी २००३ मध्ये 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही रिचार्ज मारला, डेटा विकत घेतला, आता त्या डेटातून तुम्ही सातबारा पाहता, भजन ऐकता, की ऊसदराचा व्हिडिओ पाहता, याच्याशी सिमकार्ड विकणाऱ्या कंपनीचा संबंध नाही. तिने काही अडवू नये, काही मुद्दाम हळू करू नये आणि पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये. एवढेच. बाकीचे सगळे वाद या तीन 'नये'च्या अपवादांवर आहेत.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत १८६० साली तारसेवेचा जो कायदा झाला, त्यात निरोप ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने, भेदभाव न करता पाठवावेत, असे म्हटले होते. अपवाद फक्त सरकारी तारांचा. हा अपवाद वाचकाने ध्यानात ठेवावा, पुढे लागेल. १८७४ मध्ये बर्न शहरात जागतिक टपाल संघाचा करार झाला आणि सर्व सभासद देश मिळून एकच टपाल-प्रदेश मानावा, एकमेकांच्या टपालाला वाट द्यावी, असे ठरले. भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला. या संघाच्या बर्नमधल्या कचेरीत आपला एक माणूस अनेक वर्षे नोकरीला होता: शरद जोशी. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आधी टपाल खात्यातले अधिकारी होते, हे आज अनेकांना आठवतही नाही. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून ते खेड तालुक्यात आंबेठाणला शेती करायला आले. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली: शेतकऱ्याला फुकट काही देऊ नका, पण त्याची बाजाराची वाट अडवू नका.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला यावरून झोनबंदी आठवेल. १९८४ च्या आदेशाने महाराष्ट्रात प्रत्येक साखर कारखान्याला ऊस गोळा करण्याचे क्षेत्र राखून दिले होते. त्या क्षेत्रातला ऊस त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडायचा, मग शेजारचा कारखाना टनामागे जास्त भाव देत असला तरी. कारखानदारांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते: उसाची खात्री नसेल तर कारखाना चालणार कसा? आणि शेतकऱ्यालाही सांगितले जाई की, तुझ्या उसाला तोड मिळण्याची हमी आहे, आणखी काय पाहिजे? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात झोनबंदी उठली. त्यानंतर मांडवगणचा ऊस न्हावऱ्याच्या कारखान्याला जावा की नदी ओलांडून पाटसच्या, हे भाव, तोडणीची टोळी आणि वाहतूक पाहून ठरवता येऊ लागले. भाव मनासारखा मिळतोच असे नाही. पण दुसऱ्या काट्यावर जाण्याची वाट मोकळी आहे, हे पहिल्या काट्यावरच्या माणसालाही माहीत असते.

फ्री बेसिक्स ही इंटरनेटची झोनबंदी होती. तिची यादी पाहिली की हे पटते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या पहिल्या नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. फुकट मिळणाऱ्या संकेतस्थळांची संख्या चाळिसाच्याही आत. फेसबुक अर्थातच होते. शोधण्यासाठी गूगल नव्हते, बिंग होते. हवामानाला एक परदेशी सेवा. बाजारभावासाठी रॉयटर्स मार्केट लाइट, जी २००७ पासून महाराष्ट्रात एसएमएसवर पैसे घेऊन भाव पुरवत होती. ज्योतिषाची सोय रिलायन्सची स्वतःची. मराठी वृत्तपत्रांपैकी 'महाराष्ट्र टाइम्स' होता. शेतकऱ्याचे रोजचे मराठी दैनिक असलेले 'ॲग्रोवन' मात्र नव्हते. ही निवड कोणी केली, कोणत्या कसोटीवर, याचा मांडवगणच्या वाचकाशी काही संबंध ठेवलेला नव्हता. पुढे यादी वाढवली, अटी जाहीर केल्या; पण जड चित्रे, व्हिडिओ यांना मज्जाव राहिला. पानावरचा तांबेरा ओळखायला फोटो लागतो, हे सांगायला कृषी सहायकाची गरज नाही.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१५ मध्ये एक जीबी डेटा अडीचशे रुपयांच्या आसपास पडत होता. ज्याच्याकडे तेवढे नाहीत, त्याला चाळीस संकेतस्थळे मिळणे हे शून्यापेक्षा बरे, असे म्हणणारे सगळेच काही फेसबुकचे पगारी नव्हते. या पुस्तिकेतही एक लेख त्या बाजूचा मुद्दाम घेतला आहे. मला तो पटत नाही. पण तो न वाचता विरोध करणे सोपे, वाचून करणे जरा कठीण, म्हणून तो आधी वाचावा. फुकट द्यायचेच तर पूर्ण इंटरनेट थोडेसे किंवा हळू द्या, निवडक देऊ नका, हे त्यावरचे उत्तर त्याच वेळी बाजारात होते: एअरसेलने त्याच वर्षी नव्या ग्राहकांना ६४ केबीपीएसच्या मंद गतीने सगळे इंटरनेट मोफत देऊ केले होते. मंद खरे, पण कुंपण नसलेले.

त्या सुमाराच्या घडामोडी झपाट्याच्या होत्या. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळे पैसे लावण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच मागे घेतले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. हे प्रकरण पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेपासून पेटले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते 'लाइक' केले, एवढाच गुन्हा. या निकालानंतर तिसऱ्याच दिवशी, २७ मार्चला, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ११८ पानांचा आणि २० प्रश्नांचा सल्लापत्र-मसुदा काढला. व्हॉट्सॲपसारख्या सेवांना परवाना लावावा का, वेगवेगळे दर असावेत का, असे त्यातले प्रश्न. ११ एप्रिलला एआयबी या विनोदी मंडळींचा व्हिडिओ आला आणि दोन आठवड्यांत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ठरावीक ॲप फुकट वापरू देणाऱ्या 'एअरटेल झिरो' या योजनेतून फ्लिपकार्ट बाहेर पडले. टाइम्स समूहाने 'महाराष्ट्र टाइम्स'ला इंटरनेट डॉट ऑर्गमधून काढून घेत असल्याचे जाहीर केले. ट्रायने मग सगळे ई-मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट उघड्यावर टाकले, ही त्या मोहिमेची एक विचित्र शेपटी.

दहा लाख ई-मेल, पण सल्लापत्र इंग्रजीत, नमुन्याचे उत्तर इंग्रजीत, विनोदही इंग्रजाळलेल्या हिंदीत. लढा योग्य होता, जिंकलाही, पण तो मोठ्या शहरांतल्या मुलांनी लढला. त्यांच्या चुकीने नव्हे, गावात तो पोहोचवणारे कोणी नव्हते म्हणून. मराठी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, अग्रलेख आले. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, दूध केंद्रावर यावर चर्चा झाल्याचे मात्र दिसत नाही. ऊसदराच्या आंदोलनात शे-दीडशे ट्रॅक्टर रस्त्यावर आणणारा भाग या प्रश्नावर गप्प राहिला. हा दोष मी त्या भागावर ठेवत नाही. प्रश्न त्याच्या भाषेत मांडलाच गेला नव्हता.

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दरभेदावर दुसरे सल्लापत्र काढले. तीन दिवसांनी, १२ डिसेंबरला, पुण्यात शरद जोशी गेले. ते असते तर या वादात कोणत्या बाजूला बसले असते, हा मला पडणारा एक निरुद्योगी प्रश्न. सरकारने नियम करावेत हे त्यांना रुचले नसते. कुंपण घालून दिलेली फुकटेगिरी त्याहून रुचली नसती.

८ फेब्रुवारी २०१६ ला निकाल लागला. कोणत्या संकेतस्थळावर जाता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही, असा विनियम ट्रायने काढला. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख दंड. आणीबाणीच्या सेवांना सवलत. तीन दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळले. सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की 'गरिबाला परवडत नाही' हा युक्तिवादच जमिनीवर आला. ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर फ्री बेसिक्स चालत होते, तिची मोबाइल सेवाच २०१७ संपता संपता बंद पडली. त्या कुंपणात गावाला बसवले असते तर पुढे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने दराच्या पलीकडच्या शिफारशी केल्या: अडवणे, हळू करणे, पुढे काढणे, तिन्हीला मनाई. ११ जुलै २०१८ रोजी दूरसंचार आयोगाने त्या मान्य केल्या आणि नंतर कंपन्यांच्या परवान्यांतच ही अट घातली गेली. जगातल्या सर्वांत कडक नियमांपैकी हे नियम आहेत, असे तेव्हा कौतुक झाले, आणि ते बरोबरच होते. अमेरिकेत हाच नियम २०१५ मध्ये झाला, २०१७ मध्ये मोडला, २०२४ मध्ये पुन्हा आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा रद्द केला. आपला आहे तिथे आहे.

आता तारखांचा मेळ पाहा. ११ जुलैला देशाने ठरवले की कोणी कोणाचे इंटरनेट अडवायचे नाही. ९ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे महिनाही पुरा झालेला नसताना, पुणे जिल्ह्यातल्या सात तालुक्यांत इंटरनेट बंद करण्यात आले: शिरूर, खेड, बारामती, जुन्नर, मावळ, दौंड आणि भोर. मराठा आरक्षणासाठी त्या दिवशी महाराष्ट्र बंदची हाक होती. दहा दिवस आधी चाकणला जाळपोळ झाली होती, त्यामुळे प्रशासनाची धास्ती समजण्यासारखी आहे. अफवा पसरू नयेत, हे कारण. पण शिरूर आणि दौंड दोन्ही यादीत असल्यामुळे भीमेचे दोन्ही काठ एकाच आदेशाखाली आले. पलीकडच्या टॉवरची रेंज पकडण्याचीही सोय उरली नाही. आणि पुणे शहर यादीत नव्हते. त्या दिवशी दगडफेक आणि लाठीमार झाला तो शहराच्या चांदणी चौकात, मोडतोड झाली ती पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत.

कायद्याच्या अंगाने यात विसंगती नाही. कंपनीने अडवू नये, हा नियम कंपनीपुरता आहे. सरकारच्या कायदेशीर आदेशाला तो लागूच नाही, तसे परवान्यात लिहिलेले आहे. १८६० च्या कायद्यातला तो सरकारी तारांचा अपवाद दीडशे वर्षांत वाढत वाढत इथवर आला: तिथे सरकारचा निरोप आधी जात असे, इथे बाकीच्यांचा जातच नाही. २०१८ मध्ये हे अधिकार १८८५ च्या तार कायद्यातून आणि २०१७ च्या नियमांतून येत होते. आदेश गृह खात्याच्या सचिवाचा. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, अधिकार कायम आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, तारेच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला हे दोन वेगळे विषय नाहीत. नेट कंपनीने तोडले की मंत्रालयाने, त्याच्या हातातला फोन सारखाच मुका होतो. आपल्या चर्चेने मात्र विषय दोन खोल्यांत ठेवले. एका खोलीत स्पर्धा, दर, फेसबुक, जिओ. तिथे दहा लाख माणसे बोलली. दुसऱ्या खोलीत कायदा-सुव्यवस्था. तिथे वकील आणि पोलीस. पहिल्या खोलीतले यश मोठे आहे आणि ते राखले पाहिजे. पण शिरूर-दौंडच्या वाट्याला इंटरनेटची अडवणूक जेव्हा प्रत्यक्ष आली, तेव्हा ती दुसऱ्या खोलीतून आली, आणि त्या दिवशी कोणाचाही ई-मेल गेला नाही. जाणार तरी कसा?

२०१८ पेक्षा आज एक दिवसाचे नेट जाणे जास्त महाग आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी ॲपवर आली. पीक नोंदवले नाही तर पुढे विमा आणि मदत यांत अडचण. दुकानात यूपीआय. योजनांचे ई-केवायसी. रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र. सरकारने स्वतःच गावाला इंटरनेटवर उभे केले आहे. त्यामुळे 'चार तास व्हॉट्सॲप नसले तर काय बिघडते' हा प्रश्न विचारणाऱ्याने सेतू केंद्राबाहेरची रांग पाहून यावी.

पहिल्या खोलीतही दिवे मालवून चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये ट्रायने पुन्हा सल्लापत्र काढले. त्याच सुमारास मोबाइल कंपन्यांनी मागणी केली की, यूट्यूबसारख्या जास्त वाहतूक करणाऱ्यांनी आम्हाला जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला रास्त वाटते. पण वाटा न देणाऱ्याचे काय, हा प्रश्न विचारला की पुन्हा हळू करणे आणि पुढे काढणे यांवरच गाडी येते. ५-जी मध्ये एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या गतीचे पदर करता येतात. दवाखान्यासाठी ते हवे आहेत, नियमात तसा 'विशेष सेवां'चा अपवादही आहे. तो अपवाद किती ताणायचा, यावर पुढची काही वर्षे जातील. दुसरीकडे सरकारच्या सत्यशोधन कक्षाचा मामला मुंबई उच्च न्यायालयात झाला. सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच ठरवावे, या २०२३ च्या नियमाला कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. या खटल्यावरचा लेख पुस्तिकेत थोडा लांब आहे. वकिली भाषा शक्य तितकी काढली आहे, तरी थोडी राहिलीच.

वाचकाने पाने क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही. ज्याला वेळ कमी आहे, त्याने २०१६ च्या विनियमाचा मराठी गोषवारा आणि नेटबंदीवरचे प्रकरण, एवढे तरी वाचावे. नेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२० चा, अनुराधा भसीन खटल्यातला निकाल समजावून दिला आहे. बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध करावा लागेल, असे त्या निकालाने सांगितले. काश्मीरच्या संदर्भात आलेला तो निकाल शिरूर आणि दौंडलाही तितकाच लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तालुक्यात नेट बंद झाले, तर ते सुरू झाल्यावर रील पाहण्याआधी आदेशाची प्रत मागा: कोणी काढला, कोणत्या कारणाने, किती तासांसाठी, आणि आपलाच तालुका का. प्रत तहसील कचेरीत मिळाली नाही तर गृह विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज मराठीत चालतो आणि त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.